टेबल कोणाचं? लिनक्स डेस्कटॉपची नवी आवृत्ती आणि जुनं राखण्याची जबाबदारी



आजचा विषय तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाकडून तुम्ही अपेक्षिला नसेल. संगणकावर लिनक्सची नवी आवृत्ती येते, आपण ती टाकतो आणि मग दोन-चार दिवस खटपट करून आपल्या हाताला बसेल अशी करून घेतो. मेन्यू कुठे असावा, बटणं डावीकडे की उजवीकडे, अक्षर केवढं, अशी ती खटपट असते. या साध्या व्यवहाराचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. त्यात २०११ साली एक मोठा वाद झाला. रोज वापरायच्या वस्तूची मांडणी कोणी ठरवायची, बनवणाऱ्याने की वापरणाऱ्याने, हा त्या वादाचा प्रश्न होता. त्याचं उत्तर लोकांनी लेख लिहून दिलं तसं चालते प्रोग्रॅम लिहूनही दिलं, म्हणून इतिहास म्हणून तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपण पडद्यावर जे पाहतो त्याला सरसकट लिनक्स म्हणतो, पण ते काटेकोर नाही. लिनक्स हा आतला गाभा. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली तो लिहायला घेतला. पडद्यावर खिडक्या काढण्याचं काम त्याच्यावर बसलेल्या दुसऱ्या थराचं. तो थर म्हणजे एक्स विंडो, १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत सुरू झालेला. एक्सच्या कर्त्यांचं एक धोरण होतं: खिडकी काढण्याची सोय आम्ही देऊ, पण ती कशी दिसावी, कशी हलावी, हे आम्ही सांगणार नाही. त्यामुळे दिसणं-वागणं ठरवणारा तिसरा थर वेगळा राहिला. त्याला आपण डेस्कटॉप म्हणतो. विंडोज किंवा मॅकमध्ये हा थर घराच्या भिंतीसारखा पक्का असतो. इथे तो खोलीतल्या टेबलासारखा आहे. उचला, दुसरं ठेवा, खोली तीच.

हे टेबल बनवण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. पहिला १९९६ सालचा, जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठातला विद्यार्थी मथियास एट्रिख याचा. प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, सामान्य माणसाने वापरायचं कसं, अशी त्याची तक्रार होती. त्यातून केडीई निघालं. पण केडीई ज्या क्यूटी नावाच्या सामग्रीवर उभं होतं ती एका नॉर्वेजियन कंपनीची होती आणि तिचा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या कसोटीला उतरत नव्हता. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकोतल्या दोन तरुणांनी ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप जाहीर केला. बघा, दोन टेबलं झाली ती सुतारकामाच्या मतभेदामुळे नव्हेत. लाकूड कोणाच्या मालकीचं, या प्रश्नामुळे झाली.

आता आपल्या मुख्य कथेकडे येऊ. जून २००२ मध्ये ग्नोमची दुसरी मोठी आवृत्ती आली. पहिल्या आवृत्तीत पर्यायांची रेलचेल होती. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी हॅव्हॉक पेनिंग्टन या विकासकाने एक मुद्दा लावून धरला: प्रत्येक पर्यायाची किंमत असते. हिशेब करून बघा. हो-नाहीचा एक पर्याय दिला की प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी वागू शकतो. असे दहा पर्याय दिले की एक हजार चोवीस तऱ्हा होतात. त्या सगळ्या तपासणार कोण? तेव्हा पर्याय कमी करा आणि मूळ मांडणीच चांगली करा, असं ठरलं. कुरकुर झाली. २००५ साली खुद्द टोरवाल्ड्सने ग्नोमवाल्यांवर टीका करून लोकांना केडीई वापरायचा सल्ला दिला. पण ग्नोमने दिशा सोडली नाही.

ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आलं आणि त्याने हेच ग्नोम घेतलं. उबुंटूची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि तिचा क्रमांक म्हणजे सरळ वर्ष आणि महिना. पहिली होती ४.१०. वर एक पट्टी, तिच्यात मेन्यू. खाली एक पट्टी, तिच्यात उघड्या खिडक्यांची नावं. मांडणी अशी शांत, आणि ती टिकली जवळपास नऊ वर्षं. दर सहा महिन्यांनी अपग्रेड करायचं, संगणक पुन्हा सुरू व्हायचा, भिंतीवरचं चित्र बदललेलं असायचं, आणि हात आपोआप जुन्या जागी जायचा.

'हात आपोआप जायचा' म्हणजे काय, इथे क्षणभर थांबू. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह तुमच्यापैकी काहींनी अभ्यासाला घेतला असेल. त्यात संस्कार नावाचा एक गुण सांगितला आहे आणि त्याचे तीन प्रकार केले आहेत. पहिला वेग: ढकललेली वस्तू पुढे जात राहते. दुसरा भावना: अनुभवाचा मागे राहिलेला ठसा, ज्यातून आठवण होते. तिसरा स्थितिस्थापक: गुंडाळून ठेवलेली चटई पसरली तरी पुन्हा गुंडाळू पाहते, तो. आपण सवयीबद्दल बोलतो तेव्हा बहुधा तिसऱ्या प्रकाराबद्दल बोलतो. जुन्या वळणाला धरून बसलेला म्हणून माणसाला हसतो. पण नऊ वर्षं एका जागी मेन्यू शोधणाऱ्या हाताकडे दुसऱ्या प्रकारचा संस्कारही असतो. अनुभवातून आलेलं, कष्टाने मिळवलेलं ते ज्ञान आहे. मांडणी बदलणारा म्हणतो, चटई आहे, वजन ठेवलं की सरळ होईल. वापरणारा म्हणतो, माझं शिकलेलं तुम्ही पुसताय. वादाच्या मुळाशी हे दोन अर्थ होते, आणि आमच्या मते दोन्ही अर्धे-अर्धे बरोबर होते.

या वादाची रंगीत तालीम केडीईच्या अंगणात झाली. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० आलं. आतून पुष्कळसं नव्याने लिहिलेलं, वरून बरंच अपुरं. हा पाया आहे, सगळ्यांनी लगेच राहायला येऊ नका, असं कर्ते सांगत होते. पण आवृत्तीचा आकडा बदलला की लोक घर तयार आहे असंच समजतात. टोरवाल्ड्स केडीई सोडून ग्नोमकडे आला. काहींनी केडीई ३.५ चा जुना कोड घेऊन तो चालू ठेवायचं ठरवलं. त्यातून २०१० साली ट्रिनिटी हा डेस्कटॉप निघाला.

मग २०११ चा एप्रिल उजाडला. सहा तारखेला ग्नोम ३.० आणि अठ्ठावीस तारखेला उबुंटू ११.०४. एकाच महिन्यात दोन मोठी टेबलं बदलली, आणि तीही एकमेकांपेक्षा वेगळ्या पद्धतीने.

ग्नोम ३ मध्ये खालची पट्टी गेली. खिडकी लहान करण्याचं बटण गेलं, मोठी करण्याचंही गेलं. राहिलं फक्त बंद करण्याचं. डेस्कटॉपवर फाइलींची चिन्हं ठेवायची सोय मूळ मांडणीत राहिली नाही. संगणक बंद करण्याचा पर्यायसुद्धा मेन्यूत समोर दिसत नव्हता. ऑल्ट कळ दाबून धरली की 'निद्रा'च्या जागी तो उमटायचा. यामागे विचार नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. माणसाने एका वेळी एका कामावर लक्ष द्यावं, बाकी पसारा नजरेआड असावा, ही भूमिका होती. शिवाय आतला जुना कोड थकला होता आणि नव्या ग्राफिक्स कार्डांचा फायदा घ्यायचा होता. उबुंटूने मात्र ग्नोमची ही नवी मांडणी न घेता स्वतःची युनिटी आणली: डावीकडे चिन्हांची उभी पट्टी, आणि खिडकीचा मेन्यू खिडकीतून उचलून पडद्याच्या माथ्यावर. ११.०४ मध्ये लॉगिन करताना जुनी मांडणी निवडता येत होती. सहा महिन्यांनी आलेल्या ११.१० मध्ये जुनं ग्नोम २ उरलं नाही.

आता अपग्रेडमधली एक बारीक गोष्ट. लिनक्समध्ये तुमचं सगळं तुमच्या होम फोल्डरमध्ये असतं. कागदपत्रं असतात, आणि नावाआधी टिंब असलेल्या लपलेल्या फाइलींमध्ये तुमच्या आवडीनिवडीही असतात. अपग्रेड यंत्रणा सिस्टिमचे भाग बदलते, या फोल्डरला हात लावत नाही. व्यवस्था फार शहाणपणाची आहे. पण ग्नोम २ आवडीनिवडी ठेवायचं जीकॉन्फ नावाच्या साठ्यात आणि ग्नोम ३ ने डीकॉन्फ हा नवा साठा सुरू केला. काही सेटिंग इकडून तिकडे नेली गेली. पण पट्टीवर हौसेने मांडलेल्या छोट्या साधनांना नव्या मांडणीत जागाच नव्हती. म्हणजे बघा, वर्षानुवर्षं जमवलेली मांडणी होम फोल्डरमध्ये जशीच्या तशी सुखरूप होती, फक्त ती वाचणारं कोणी उरलं नव्हतं. जपून ठेवणं आणि दखल घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दप्तरखान्यात मोडीतले कागद असतात आणि मोडी वाचणारा नसतो, त्यातलाच हा प्रकार.

तक्रारी हजारोंनी आल्या. ऑगस्ट २०११ मध्ये टोरवाल्ड्सने जाहीरपणे ग्नोम ३ वर कडक टीका केली आणि एक्सएफसीई हा साधा, हलका डेस्कटॉप धरला. पण नुसत्या तक्रारीने त्या वर्षी फारसं काही बदललं नाही. बदल झाला तो तीन वाटांनी, आणि तिन्ही वाटांवर कोणी ना कोणी काम अंगावर घेतलं होतं.

पहिली वाट जुळवून घेण्याची. ग्नोम ३ मध्ये एक्स्टेन्शन नावाचे छोटे जोड-तुकडे बसवता येतात. डिसेंबर २०११ मध्ये त्यांच्यासाठी ग्नोमने स्वतःच वेगळं संकेतस्थळ उघडलं. कोणी खालची पट्टी परत आणणारा तुकडा लिहिला, कोणी जुना मेन्यू. नवं घर स्वीकारायचं आणि आत आपला पडदा, आपली फळी लावायची. भाडेकरूचं स्वातंत्र्य म्हणा. ते खरं आहे, पण मालकाने भिंत हलवली की फळी पडते. ग्नोमची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि अनेक एक्स्टेन्शन दर वेळी तपासून दुरुस्त करावी लागतात. सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ मध्ये तर आतली पद्धतच बदलली आणि जुनी एक्स्टेन्शन दुरुस्तीशिवाय चालेनात.

दुसरी वाट लिनक्स मिंटची. नोव्हेंबर २०११ च्या मिंट १२ मध्ये त्यांनी ग्नोम ३ घेतलं आणि आपली एक्स्टेन्शन लावून ते जुन्यासारखं दिसेल असं केलं. थोड्याच काळात त्यांना कळलं की दुसऱ्याच्या पायावर एवढं डागडुजीचं काम पेलणार नाही. मग त्यांनी ग्नोमचा वरचा थर वेगळा काढून स्वतःचा डेस्कटॉप केला, नाव सिनॅमन, म्हणजे दालचिनी. मे २०१२ च्या मिंट १३ पासून तो त्यांच्या मुख्य डेस्कटॉपांपैकी एक झाला. आतली सामग्री नवी, मांडणी ओळखीची.

तिसरी वाट सरळ नकाराची. २०११ सालीच अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोम २ चा सगळा कोड उचलला आणि तो चालू ठेवतो म्हणून जाहीर केलं. नाव ठेवलं दक्षिण अमेरिकेतल्या पेयावरून, उच्चार 'माते'. मराठी कानाला आईची हाक ऐकू येते, पण तो योगायोग. आता अडचण अशी की जुनं ग्नोम आणि नवं ग्नोम एकाच संगणकावर नांदायचं तर नावं भांडणार. म्हणून एकेका भागाचं बारसं करावं लागलं, आणि पुष्कळ नावं स्पॅनिश घेतली. फाइली दाखवणारा नॉटिलस झाला काहा, म्हणजे पेटी. मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम झाला प्लुमा, म्हणजे पीस किंवा लेखणी. कागदपत्रं वाचायचा प्रोग्रॅम झाला आत्रिल, म्हणजे पुढ्यात पुस्तक ठेवायचं तिरपं मेज.

या तिसऱ्या वाटेचा पुढचा इतिहास आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. जुनं जसंच्या तसं ठेवायचं म्हणून मातेवाले निघाले. पण ज्या जीटीके २ या सामग्रीवर ग्नोम २ उभं होतं तीच मागे पडत चालली. तिच्यावर किती दिवस बसणार? मग एकेक भाग जीटीके ३ वर न्यायला सुरुवात झाली आणि मार्च २०१७ च्या १.१८ आवृत्तीत ते काम पुरं झालं. नव्याला नकार देऊन निघालेल्या माणसांना जुना चेहरा राखण्यासाठी आतलं सगळं नवं करावं लागलं. आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द आहे. देऊळ तेच, गाभारा तोच, पण सडलेली तुळई बदलावी लागते, आणि ती बदलायला पैसा, सुतार आणि वर्षं लागतात.

दुसऱ्या बाजूला काय झालं? ग्नोमही हललं. संगणक बंद करायचा पर्याय पुन्हा समोर आला. मार्च २०१३ च्या ३.८ आवृत्तीत 'क्लासिक' नावाची जुन्या वळणाची मांडणी निवडीला आली, आणि ती एक्स्टेन्शन वापरूनच बनवली होती. टोरवाल्ड्सही पुढे एक्स्टेन्शन लावून ग्नोमकडे परतला. एप्रिल २०१७ मध्ये उबुंटूच्या मार्क शटलवर्थने युनिटी थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि ऑक्टोबरमधल्या १७.१० मध्ये उबुंटू पुन्हा ग्नोमवर आलं. पण गंमत बघा. डावीकडची उभी पट्टी त्यांनी काढली नाही. सहा वर्षांत लाखो हात तिला सरावले होते. २०११ साली जी पट्टी सवय मोडणारी म्हणून शिव्या खात होती, ती २०१७ साली सवय म्हणून राखली गेली, आणि तीही एका एक्स्टेन्शनच्या रूपाने.

तर यातून निष्कर्ष काय काढायचा? मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना तुम्हाला हक्क देतो: कोड घ्या, बदला, वाटा. म्हणूनच माते होऊ शकलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये जुनी आवृत्ती मालकाने सोडली की ती संपलीच. पण परवाना हक्क देतो, हात देत नाही. जुनं वापरत राहण्याचं माझं स्वातंत्र्य तेवढंच टिकतं, जेवढं कोणीतरी ते जुनं दुरुस्त करत राहतं. २०११ च्या वादात लाखो लोक जुन्याच्या बाजूचे होते. जुनं उरलं ते दुरुस्ती अंगावर घेणाऱ्या थोड्या लोकांमुळे. स्वातंत्र्याची व्याख्या करताना आम्ही तत्त्वज्ञानवाले निवड या शब्दावर फार थांबतो. देखभाल हा शब्द त्याच्या शेजारी मांडायला हवा.

हे आपल्या भाषेलाही लागू आहे. ग्नोम किंवा केडीई मराठीत दिसतं ते कोणीतरी एकेक ओळ भाषांतरित केल्यामुळे. पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयातून भारतीय भाषांच्या भाषांतराचं आणि लोहित फॉन्टचं मोठं काम झालं, स्वयंसेवकांनीही केलं. पण नवी आवृत्ती आली की मेन्यूतले शब्द बदलतात, नव्या ओळी येतात, आणि भाषांतर करणारा नसेल तर मराठी पडद्यावर इंग्रजीचे ठिगळ दिसू लागतात. टंकलेखनाचंही तेच. सप्टेंबर २०१२ च्या ग्नोम ३.६ मध्ये आयबस ही अनेक लिप्यांची व्यवस्था डेस्कटॉपमध्येच विणली गेली. असा बदल झाला की इनस्क्रिप्टने लिहिणाऱ्या माणसाने नवी आवृत्ती वेळेवर तपासून, जोडाक्षर चुकत असेल तर कळवलं पाहिजे. आपल्या वतीने दुसरं कोण तपासणार?

आज पुन्हा तशीच वेळ आहे. सुरुवातीला ज्या एक्सचा उल्लेख केला तो थर आता वेलँडला जागा देतो आहे. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमसाठी एक्सची निवड उरली नाही. सिनॅमनवाल्यांनी जानेवारी २०२४ च्या मिंट २१.३ पासून वेलँडचा प्रयोग सुरू केला आहे. टेबल राखणाऱ्यांना आता फरशी बदलताना टेबल सांभाळायचं आहे.

श्रोत्यांपैकी जे लिनक्स वापरतात त्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. नवी आवृत्ती टाकण्याआधी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. डिस्कला हात न लावता ती चालते. होम फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, टिंबवाल्या फाइलींसकट. सहामाही बदल नको असेल तर दोन वर्षांनी येणारी, पाच वर्षं सांभाळली जाणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती निवडा. आणि मांडणी मनासारखी जमली की ती कोणाच्या कामामुळे जमली ते एकदा पाहा. त्या एक्स्टेन्शनच्या किंवा डेस्कटॉपच्या कर्त्याला एक नीट लिहिलेली त्रुटी कळवा, चार ओळी भाषांतर करा, जमल्यास थोडे पैसे पाठवा. आपलं टेबल आपलं राहतं ते अशाने.

इथे थांबतो. मातेबद्दल आणि केडीईच्या पुढच्या वाटचालीबद्दल बरंच सांगायचं राहिलं आहे, ते प्रश्नोत्तरांत घेऊ.